हात बसलेला मिस्त्री

कुपवाडच्या एमआयडीसीत दिलावर मिस्त्रीचं शेड कुणालाही विचारा, पानपट्टीवाला बोट करून दाखवील. शेड म्हणजे काय, पत्र्याखाली दोन मशिनं, एक लांबलचक टेबल आणि एक खुर्ची. त्या खुर्चीवर मिस्त्री स्वतः कधी बसत नाहीत. येणाऱ्याला बसवतात आणि आपण उभे. पण कराड, कोल्हापूर, पार बेळगावपर्यंतच्या वर्कशॉपवाल्यांची लोखंड कातायची जुनी लेथ मशिनं या शेडमध्ये येतात आणि नवी होऊन जातात.

काम तसं सांगायला सोपं. लेथचा बेड, म्हणजे मशिनची जी बैठक असते ती, वापरून वापरून झिजते. ती हातानं खरवडून पुन्हा सपाट करायची. सपाट म्हणजे किती? तर एका सपाट पाट्याला निळा रंग लावायचा, तो बेडवर घासायचा. जिथं निळं उमटलं तिथं बेड उंच आहे. तेवढंच धारदार पात्यानं खरवडायचं. परत रंग, परत घासणं, परत खरवडणं. एक इंच चौकोनात वीस निळे ठिपके उमटले की बेड झाला. एका बेडला आठ-आठ दिवस लागतात. बघणाऱ्याला वाटतं हा माणूस लोखंडाला गोंजारतोय. करून बघा म्हणावं, दुसऱ्या दिवशी खांदा उचलणार नाही!

चौतीस वर्षं झाली. वयाच्या विसाव्या वर्षी कराडजवळच्या गावाहून दिलावर कुपवाडच्या एका कारखान्यात लागला, तेव्हा तिथं जोतिबा मिस्त्री नावाचा माणूस होता. बोलणं कमी, रागावणं जास्त. त्यानं दिलावरच्या हातात बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, एक ठोकळा दिला आणि म्हणाला, "कर सपाट." दिलावरनं चार दिवस घासून त्याचा एक कोपरा पार खड्ड्यात घातला. आता शिव्या बसणार म्हणून मान खाली घालून उभा राहिला. जोतिबानं शिव्या दिल्याच, त्यात कसूर केली नाही. पण नंतर ठोकळ्याच्या पाठीवर अक्षरांच्या पोलादी पंचानं ठोकून दिलावरचं नाव आणि तारीख उमटवली.

"ह्यो टाकायचा न्हाई," म्हणाला. "पयला बिघडवलेला जॉब आयुष्यभर सांभाळायचा. कुठं चुकलास त्ये ह्यात लिवलंय."

तो ठोकळा अजून शेडमधल्या फळीवर आहे. जोतिबा जाऊन सहा वर्षं झाली, पण दर शनिवारी दिलावर तो ठोकळा तेलाच्या फडक्यानं पुसतो. त्याच्यासाठी ते फुलं वाहण्यासारखंच आहे.

आता एक गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. कारखान्यात असताना एकदा पुण्याहून मोठे साहेब आले होते. नव्या बेडवर मापाची यंत्रं लावून सगळे "ओके, ओके" म्हणत होते. दिलावरनं नुसता तळवा फिरवला आणि म्हणाला, "हितं दबलंय." परत माप घेतलं तर खरंच, केसाच्या एका हिश्शाएवढा फरक. साहेब खूश. पाठीवर थाप मारून म्हणाले, "दिलावर, तुमच्या हातात जादू आहे!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि दिलावर दिवसभर कुणाशी बोलला नाही.

बायकोनं, सुरय्यानं, घरी विचारलं, "अवो, कवतिक केलं तर त्वांड पाडून का बसलाय?"

"जादू म्हणला त्यो," दिलावर म्हणाला. "जादू म्हंजी आयती मिळालेली. मग जोतिबा मिस्त्रीनं काय केलं? बारा वर्सं मी काय गोट्या खेळलो?"

सुरय्याला तेव्हा ते फार पटलं नव्हतं. असतो एकेकाचा स्वभाव, म्हणून तिनं भाकरी वाढली.

तर अशा माणसाच्या पोरीनं, आसियानं, त्याला जादूगार केलं. आता बोला!

आसिया कराडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. हुशार, आणि बापासारखीच हट्टी. तिनं आणि तिच्या वर्गातल्या विश्वजितनं, राजेश्वरीनं मिळून एक खेळ तयार केला होता. कॉम्प्युटरवरचा नाही, टेबलाभोवती बसून खेळायचा. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कुणी मांत्रिक, कुणी लढवय्या, कुणी वैदू. आपण काय करणार ते आपण सांगायचं, आणि जमतं का नाही ते वीस बाजूंच्या फाशावर ठरतं. मोठा आकडा पडला तर जमलं, लहान पडला तर फसलं. यांच्या खेळाचं नाव 'सात दरवाजे'. एक ओसाड किल्ला, एकामागं एक सात दारं, आत काय आहे ते शेवटी. येत्या नव्हे, त्याच्या पुढच्या रविवारी सांगलीत अशा खेळांचा मेळा भरणार होता, आणि त्यासाठी त्याआधीच्या बुधवारी खेळातली कार्डं छापायला टाकायची होती.

शुक्रवारी संध्याकाळी आसिया घरी आली तीच उड्या मारत. एक कार्ड काढून तिनं बापाच्या हातात दिलं.

"अब्बा, बगा तरी कोण हाय!"

कार्डावर चित्र होतं. कपाळावर चढवलेला चष्मा, अर्धी पांढरी दाढी, हातात पातं. दिलावरच की! वर लिहिलं होतं 'मिस्त्री'. दिलावरचा चेहरा फुलला. त्यानं सुरय्याला हाक मारली. मग चष्मा खाली ओढून खालची ओळ वाचली. 'याच्या हातात जन्मतः जादू आहे. हा हात लावताच लोखंड मेणासारखे मऊ होते.'

"जन्मतः?" दिलावर म्हणाला.

"व्हय! तुमाला बगूनच केलाय."

"मग ह्यो शिकला कवा?"

"शिकायला कशाला पायजे? जादूच हाय की त्याच्याकडं."

दिलावरनं कार्ड टेबलावर ठेवलं, अगदी हळू. "चित्र झ्याक हाय," म्हणाला. "पण ह्यो मी न्हवं." आणि हात धुवायला मोरीकडं गेला.

आसियाला रडूच फुटायचं बाकी राहिलं. एवढ्या प्रेमानं केलं, आणि हे काय? तिनं आईला विचारलं तेव्हा सुरय्यानं ती पुण्याच्या साहेबाची गोष्ट सांगितली. पण तिचीही अडचण खरी होती. आधी मिस्त्रीकडं जादू नव्हतीच. कॉलेजात तीनदा खेळ लावून बघितला, तीनही वेळा मिस्त्री कुणी घेतला नाही. मांत्रिक बोट फिरवून भिंत पाडणार आणि मिस्त्री कानशीनं कुलूप घासत बसणार, मग कोण घेईल? विश्वजितनं सरळ सांगितलं होतं, एकतर मिस्त्रीला जादू द्या, नाहीतर कार्ड काढून टाका. मिस्त्री खेळात राहावा म्हणूनच आसियानं ती ओळ लिहिली होती.

हे तिनं जेवताना बापाला सांगितलं. दिलावरनं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी जादू न्हाई तर मिस्त्रीला जागा न्हाई," तो म्हणाला.

"तसं न्हाई अब्बा..."

"तसंच हाय. बोलाव त्यांना रविवारी हितं. मी खेळतो मिस्त्री, बिनजादूचा. सातवं दार उगडलं तर ती ओळ खोडायची. न्हाई उगडलं तर कार्डच फाडा. मी रागावणार न्हाई."

सुरय्यानं कपाळाला हात लावला. चोपन्नाव्या वर्षी हा माणूस पोरांत खेळायला निघालाय! पण तिनं नवऱ्याचा चेहरा बघितला आणि थट्टा गिळून टाकली. गंमत नव्हती ती. या माणसाला चौतीस वर्षांचं उत्तर हवं होतं, आणि तेही पोटच्या पोरीकडून.

रविवारी सकाळी पोरं कराडहून एसटीनं आली. सुरय्यानं परातभर भडंग केलं. टेबल पुढं ओढलं. राजेश्वरी गोष्ट सांगणार, विश्वजित मांत्रिक, दिलावर मिस्त्री. लढवय्या कुणी नव्हता म्हणून सुरय्यालाच बसवलं. "मला काय येतंय?" म्हणत बसली खरी, पण पहिल्याच दारापाशी तिनं दोन राक्षस असे कापले की पोरं बघतच राहिली. आसिया वही घेऊन बाजूला बसली.

विश्वजित पोरगा चांगला. पेठनाक्याजवळच्या गावचा, घरचा ऊस, चुलते फौजेत. पण जीभ जरा तिखट. "चाचा, वाईट वाटून घिऊ नगा," तो म्हणाला, "पण मंत्रापुढं कानशीचं काय चालतंय?"

"चालवून बगू की गड्या," दिलावर म्हणाला.

दुसऱ्या दाराला भलंमोठं कुलूप. दिलावरनं फासा टाकला. चार.

"नाही जमलं, चाचा," राजेश्वरी म्हणाली.

"बरं. कुठं अडलं?"

"म्हणजे?"

"किल्ली आत गेली का? फिरली का? कुठल्या अंगाला अडली?"

राजेश्वरी गोंधळली. खेळात फसलं म्हणजे फसलं, कुठं ते कोण विचारतो? "डाव्या बाजूला अडली," ती काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणाली.

"आसिया, मांड. डावी बाजू, आतनं."

विश्वजितनं हसत हसत मंत्र टाकला आणि दार उडवलं. तिसऱ्या दाराला पुन्हा तेच. दिलावरला सहा पडले, फसला, त्यानं पुन्हा विचारलं, "कुठं अडलं?" राजेश्वरीनं सांगितलं, खिट्टी उलटी आहे. "मांड." चौथ्याला कुलूपच नव्हतं, पाचव्या दाराला बिजागरी अडली. "मांड." सहाव्याला कडी जड पडली. "मांड." प्रत्येक वेळी विश्वजितचा मंत्र दार उडवत होता आणि दिलावर नुसता चुका लिहून घेत होता.

"चाचा, तुमी खेळायला आलाय का पंचनामा करायला?" विश्वजित म्हणाला. सुरय्यासुद्धा हसली. आसिया मात्र हसली नाही. वहीतल्या त्या चार ओळींकडं बघताना तिला काहीतरी ओळखीचं वाटत होतं, आणि काय ते सापडत नव्हतं.

मग सातवं दार आलं. हे दार या पोरांनी मुद्दाम अवघड केलं होतं. त्याच्यासमोर सगळी जादू मरते. विश्वजितनं मंत्र टाकला, काही नाही. दुसरा टाकला, काही नाही. सुरय्यानं तलवार घातली, तलवार मोडली. दार उघडायला अठरा हवेत, आणि मशाल विझायच्या आत फक्त तीनदा फासा टाकायचा. आजवर हे दार कुणालाच उघडता आलं नव्हतं.

"आता?" विश्वजित म्हणाला.

दिलावरनं भडंगाची मूठ खाली ठेवली आणि राजेश्वरीला विचारलं, "पोरी, ही साती दारं एकाच माणसानं केल्याती का?"

राजेश्वरीनं कागद उलटले. गोष्ट आसियानं लिहिली होती. "हो. एकाच लोहारानं. तसं लिहिलंय."

"मग ह्या माणसाचा हात मला ठावं झालाय. त्यो डाव्या अंगाला दाबतोय, खिट्टी उलटी घालतोय, बिजागरी घट्ट ठेवतोय, कडी जड करतोय. चार दारांवर चारदा चुकून मी ह्ये शिकलोय. त्ये काय फुकट?"

राजेश्वरीनं आसियाकडं बघितलं. नियमांत असलं काही नव्हतं. पण गोष्ट सांगणाऱ्याला निवाडा करायचा अधिकार असतो. राजेश्वरीनं थोडा विचार केला.

"मान्य," ती म्हणाली. "मांडलेल्या प्रत्येक चुकीचे दोन. चार चुकांचे आठ. फाशावर जे पडेल त्यात आठ मिळवायचे."

दिलावरनं फासा टाकला. सहा. आठ मिळवून चौदा. फसला.

"कुठं अडलं?"

"खालची पट्टी... वाकलीय."

"मांड. आता धा झालं."

दुसरा फासा. सात. दहा मिळवून सतरा. एकानं हुकलं! "अरं देवा!" म्हणून विश्वजित ओरडला. मघाशी हसणारा हाच पोरगा आता दिलावरच्या खुर्चीला टेकून उभा होता. सुरय्यानं पदराचं टोक मुठीत धरलेलं.

"कुठं अडलं?" दिलावरचा आवाज तसाच, शेडमध्ये असतो तसा.

"वरच्या कोपऱ्यात. केसभर."

"मांड. बारा."

तिसरा फासा टेबलभर गडगडत गेला, भडंगाच्या परातीला धडकला आणि थांबला. नऊ. नऊ आणि बारा एकवीस.

दार उघडलं.

काय गलका झाला म्हणता! शेजारची चंद्राबाई दारात येऊन विचारायला लागली, क्रिकेट लागलंय काय म्हणून. सुरय्या तर उठून उभीच राहिली. "माझ्या नवऱ्यानं उगडलं," तिनं चंद्राबाईला सांगितलं. काय उघडलं ते चंद्राबाईला शेवटपर्यंत कळलं नाही.

गलका ओसरल्यावर विश्वजित म्हणाला, "चाचा, मानलं. पण खरं सांगू? ही बी एक जादूच झाली की. नुसतं नाव येगळं."

पोरगं चूक बोलत नव्हतं, त्याच्या बाजूनं. दिलावर उठला, पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला तो ठोकळा काढला आणि टेबलावर ठेवला. सकाळीच शेडमधून आणून ठेवला होता.

"तुझा मंत्र फसला की काय हुतंय?"

"वाया जातोय."

"माझा जॉब फसला की ह्यो हुतोय." त्यानं खड्डा पडलेला कोपरा दाखवला. "ह्यो वाया गेला न्हाई. ह्याच्यामुळं हात बसला. जादू असती तर सातव्या दारापशी तुझ्यासंगं माझी बी मेली असती. शिकलेलं मरत न्हाई बाबा."

'हात बसला.' आसियानं वहीत बघितलं. सहा चुका, एकाखाली एक. मग तिनं ते मघाशी न सापडलेलं ओळखलं. लहानपणापासून ती हे बघत आली होती. निळा रंग लावायचा, चुकलेली जागा शोधायची, तेवढीच खरवडायची. अब्बांनी फाशावर बेड खरवडला होता. तिनं मुकाट्यानं कार्ड उचललं आणि जादूची ओळ पेनानं अशी खोडली की कागद फाटला.

"माजं चुकलं अब्बा," ती म्हणाली.

"मांड," दिलावर म्हणाला, आणि सगळे हसत सुटले. आसिया हसता हसता रडली.

सोमवारी ती कराडला गेली नाही. सकाळी आठला शेडवर हजर. "मिस्त्रीचा नियम लिवायचा तर मला करून बगायला पायजे," म्हणाली. दिलावरनं तिला बिडाचा एक कोरा ठोकळा दिला आणि म्हणाला, "कर सपाट." मदत केली नाही, एका शब्दानं नाही. दोन दिवसांत पोरीच्या तळव्याला फोड आले, खांदा आखडला. मंगळवारी दुपारी तिनं उजवा कोपरा असा खोल खरवडला की आता सगळाच ठोकळा खाली आणावा लागला असता. बापासमोर नेऊन धरला आणि मान खाली घालून उभी राहिली.

दिलावरनं जोतिबासारख्या शिव्या दिल्या नाहीत. त्यानं अक्षरांचे पंच काढले, हातोडी घेतली आणि ठोकळ्याच्या पाठीवर एकेक अक्षर ठोकलं. आसिया. खाली तारीख. चौतीस वर्षांत त्यानं किती बेड केले, कुठं कुठं पाठवले, पण एकाही कामावर नाव ठोकताना त्याची छाती अशी भरून आली नव्हती.

पुढच्या रविवारी सांगलीत मेळा भरला. हॉलमध्ये ही गर्दी, टेबलाटेबलाला पोरंपोरी. दिलावर आणि सुरय्या मागं भिंतीला लागून उभे राहिले. 'सात दरवाजे'च्या टेबलाशी एक कॉलेजातली मुलगी आली. तिनं कार्डं चाळली, मिस्त्रीचं कार्ड उचललं आणि मोठ्यानं वाचलं. 'जादू: नाही. हात: बसलेला. गुरू: जोतिबा मिस्त्री.'

जोतिबाचं नाव ऐकलं आणि दिलावरनं सुरय्याचा हात घट्ट धरला. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"पण मग याच्याकडे आहे तरी काय?" मुलीनं विचारलं.

आसियानं पिशवीत हात घातला आणि ठोकळा टेबलावर ठेवला. "हे."

"हे काय आहे?"

"मी बिघडवलेला पयला जॉब."

मुलीनं ठोकळा उचलून बघितला. जड होता. तिनं खड्ड्यावरून बोट फिरवलं. "हा मिस्त्री खराखुरा कुणी आहे का?"

आसिया वळली आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं भिंतीकडं बोट केलं.

"त्ये बगा माझे अब्बा. त्यांचा हात बसलाय. माझा अजून बसायचाय."

मुलीनं मान डोलवली, खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "मी मिस्त्री घेते."